गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी एवढं करून बघा

मेकॅनिकला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सेल्फ घेतेय का?" नव्याने गाडी घेतलेला माणूस इथेच अडखळतो. "अहो, चालूच होत नाहीये," एवढंच त्याला सांगता येतं. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला फिरवून जागं करणारी विजेची मोटर. किल्ली फिरवल्यावर इंजिन घर्र-घर्र फिरतं पण पेट घेत नाही, हा एक आजार. इंजिन फिरतच नाही, नुसतं टक् होतं किंवा तेही होत नाही, हा दुसरा. पहिल्यात बॅटरी बहुधा निर्दोष असते, दुसऱ्यात बहुधा तीच गुन्हेगार असते. या दुसऱ्या 'बहुधा'ने मला एकदा साडेचार हजारांना बुडवलंय, ते पुढे येईलच.

सामान फार लागत नाही. दहा नंबरचा पाना, तीन-चारशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर, घरातला खायचा सोडा, जुना टूथब्रश आणि मोबाइलचा टॉर्च.

आधी सीटवर बसूनच

पहिली पाच मिनिटं बॉनेट उघडूच नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांमध्ये क्लच तळापर्यंत गेल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि पेडलखाली सरकलेली मॅट तेवढा अर्धा इंच अडवायला पुरेशी असते. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'पी'वर आणि पाय ब्रेकवर. 'पी'वर होत नसेल तर 'एन'वर टाकून बघा. तिथे चटकन सुरू झाली तर बॅटरी ठीक आहे, लिव्हरपाशी बसवलेला स्विच बिघडलाय.

बटणाने सुरू होणारी गाडी किल्ली सापडत नसल्याचा संदेश दाखवत असेल, तर किल्लीतला छोटा गोल सेल उतरलाय. बऱ्याच गाड्यांमध्ये खिशातली किल्ली काढून तिच्यानेच स्टार्टचं बटण दाबलं की तेवढ्यापुरतं काम होतं. मग घड्याळवाल्याकडून नवा सेल टाकून घ्या.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या अनेक गाड्यांमध्ये गॅस भरायच्या झाकणाला एक बारीक स्विच असतो. झाकण नीट बसलं नाही तर गाडी सुरू होऊ द्यायची नाही, अशी ती सुरक्षेची सोय आहे. पंपावर तासभर रांगेत उभं राहून गॅस भरला, झाकण घाईत ढकललं आणि मागे हॉर्नचा गजर सुरू असताना गाडी ढिम्म, ही वेळ पुष्कळांवर येते. खाली उतरा आणि झाकण दाबून बसवा.

आता आवाज ऐका

एसी, पंखा, म्युझिक, दिवे सगळं बंद करा, काच खाली घ्या आणि किल्ली फिरवा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. घाबरून सलग सेल्फ मारत बसलात तर उरलीसुरली बॅटरीही जाते आणि सेल्फची मोटर तापते ती वेगळीच.

टकटकटकटक असा भराभर आवाज आला, शेंगदाणे भाजताना तडतडतात तसा, तर सेल्फला पुरेसा करंट मिळत नाहीये. सेल्फच्या डोक्यावरचा सोलनॉइड, म्हणजे विजेने खेचला जाणारा चुंबकी स्विच, प्रत्येक वेळी आत खेचला जातो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा खेचला जातो. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे.

एकच जड 'टक्' आणि पुढे शांतता असेल तर निदान थोडं अवघड. बॅटरी फारच बसलेली असू शकते, जोडणी खराब असू शकते किंवा सेल्फची मोटर अडकलेली असू शकते, म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन झिजलेले वगैरे. पुढच्या दिव्यांच्या परीक्षेत हे वेगळं करता येतं.

घूंऽ... घूंऽ... घूं असं रडत रडत इंजिन फिरलं तर बॅटरीत जीव आहे, पण जोर नाही.

इंजिन नेहमीच्या तडफेने फिरतंय आणि तरी पेट घेत नाही? मग बॅटरीचा नाद सोडा. पेट्रोल गाडीत किल्ली 'ऑन'ला आणल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गूंऽऽ असा आवाज येतो, तो इंधनपंपाचा. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज किंवा रिले बघायला सांगा. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. सकाळी गाडी फक्त दहा फूट पुढे घेऊन बंद केली होती आणि आता ती पेट घेत नाही, असं असेल तर प्लग पेट्रोलने भिजलेले असू शकतात. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की पेट्रोल येणं थांबतं आणि प्लग कोरडे व्हायला मदत होते. डिझेलवाल्यांनी स्प्रिंगसारखं दिसणारं पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबायचं. आणि हो, इंधनाच्या काट्याकडे एक नजर टाका. सांगायला लाज वाटते, पण टाका.

भिंतीवरचा उजेड

ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. गाडी पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी असेल तर हेडलाइट लावा, भिंतीवरच्या उजेडावर नजर ठेवा आणि सेल्फ मारा.

उजेड मुळातच मिणमिणता, पिवळट असेल, तर बॅटरी उतरलीय. उजेड छान होता आणि सेल्फ मारताच पार विझत आला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनलवर मळ चढलाय. उजेड जरासा दबला आणि 'टक्' होऊन थांबला, तर करंट सेल्फपर्यंत जातोय पण मोटर फिरत नाही. आणि उजेड तसूभरही हलला नाही, आवाजही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. मग क्लचचा स्विच, रिले, फ्यूज किंवा उंदराने कुरतडलेली एखादी वायर असं शोधावं लागतं. उंदरांचं म्हणाल तर पावसाळ्यात ते बॉनेटखाली ऊब शोधत हमखास येतात. आमच्या सोसायटीत निम्मे लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधतात. उंदीर ती पानं बाजूला सारून वायर खातात असं माझं निरीक्षण आहे, पण श्रद्धेचा विषय आहे, मी बोलत नाही. एलईडी दिवे व्होल्टेज पडलं तरी लवकर मंद होत नाहीत, तेव्हा तुमच्या गाडीत ते असतील तर डिकीतला किंवा छतावरचा साधा बल्ब बघा, नाहीतर हॉर्न वाजवून त्याचा घसा बसलाय का ऐका.

बॉनेट उघडल्यावर

बॅटरीवर अधिक आणि उणे अशी दोन टर्मिनल असतात. लाल टोपीखाली अधिक असतं. टोपी उचला. पांढरी किंवा मोरचुदी रंगाची भुकटी साचलेली दिसली, जुन्या पितळी नळाभोवती साचते तशी, तर अर्धं उत्तर इथेच मिळालं. हाताने क्लॅम्प पिळून बघा. तो कणभरही फिरला तर ढिला आहे. डॅशबोर्डचे दिवे चार-पाच अँपिअरवर खूश असतात, पण छोट्या गाडीच्या सेल्फलाही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, म्हणून दिवे लागतात आणि गाडी सुरू होत नाही, हे कोडं पडतं. मळकट टर्मिनल म्हणजे अरुंद बोळ. सायकल जाते, ट्रक अडकतो.

साफ करताना आधी उणे टर्मिनल सोडवा, मग अधिक. लावताना उलट: आधी अधिक, शेवटी उणे. कारण साधं आहे. उणे टोक गाडीच्या सगळ्या लोखंडाला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना अधिकवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की असा झोत उठतो की पाना वितळून चिकटतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे विडी-सिगारेट लांब ठेवा. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने घासा, फेस येईल, येऊ द्या. तो बॅटरीच्या झाकणाच्या भोकांत जाणार नाही एवढं बघा. कोरड्या फडक्याने पुसा, क्लॅम्प घट्ट बसवा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. आता एकदा सेल्फ मारून बघा. यातच काम झालं तर पुढचं सावकाश वाचा.

मल्टीमीटरचे चार आकडे

बारा व्होल्टची म्हणतात त्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. बरोबर १२ दिसले की नवखा माणूस सुटकेचा श्वास सोडतो, पण १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली बॅटरी. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. हे माप गाडी निदान तीन-चार तास बंद असताना घ्यायचं. मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा, लाल टोक अधिकला, काळं उणेला. आकडा कमी असेल आणि बॅटरी दोन-तीन वर्षांचीच असेल तर आधी ती नीट चार्ज करून घ्या. बॅटरीच्या दुकानात रात्रभर चार्जिंगला ठेवतात.

दुसरं माप सेल्फ मारताना. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. चार्ज असलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. १२.६ वरून थेट ७-८ वर कोसळली तर आतल्या प्लेटा थकल्यात, बॅटरी बदलायची वेळ झाली.

तिसरं माप मी पैसे मोजून शिकलो. चारेक वर्षांपूर्वी गणपतीत गावी गेलो होतो, परत आल्यावर गाडी टक् करून गप्प. जवळच्या एका गॅरेजच्या पोराने मीटरही न लावता "बॅटरी गेली साहेब" म्हणून नवी बसवली. साडेचार हजार. दहाव्या दिवशी पुन्हा तेच टक्. या वेळी नाक्यावरच्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटरचं काळं टोक बॅटरीच्या उणे खुंटाला लावलं, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे व्होल्टेज जवळजवळ दिसायलाच नको. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या उणेपर्यंत करंट परतायची वाट, खराब. आमचं दोन व्होल्टच्या वर गेलं. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणीव तांब्याची पट्टी वरून धड दिसत होती. बोटाने उचलली तर तिच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. नवी पट्टी दोनशे रुपयांची. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेलेली. त्या माणसाने उपदेश केला नाही, फक्त जुनी पट्टी माझ्या हातात ठेवली.

चौथं माप गाडी सुरू झाल्यावर येतं. त्याआधी ती सुरू करू.

दुसऱ्या गाडीची मदत

जंपर केबल जाड घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलचं प्लास्टिक जाड आणि आतलं तांबं शिवणकामाच्या दोऱ्याएवढं असतं, ती नुसती तापते. मदतीची गाडी १२ व्होल्टची साधी पेट्रोल-डिझेल हवी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडून उसनं घेऊ नका. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत आणि दोन्ही बंद हव्यात. मग क्रम असा: लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडतेच, ती हायड्रोजनजवळ उडू नये म्हणून हा द्राविडी प्राणायाम. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा, मग आपली सुरू करा. झाली की बरोबर उलट्या क्रमाने केबल काढा.

बॅटरी फुगलेली, तडकलेली, किंवा कुजक्या अंड्याचा वास येणारी असेल तर केबल लावूच नका.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. किल्ली 'ऑन', क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने चालत्या माणसाच्या दुप्पट वेग घेतला की क्लच झटकन सोडा, इंजिन पकडलं की पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर कडक होतो, म्हणून उतारावर एकट्याने हा प्रयोग करू नका. बॅटरी पार शून्याला गेली असेल तर कितीही धक्के मारा, इंजेक्शन आणि पंपालाच वीज मिळत नाही. जुन्या अँबॅसिडरला पुढून हँडल मारून जाग यायची, ते दिवस गेले.

सुरू झाली, आता बंद करू नका

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. १२.५ वरच अडकला आणि रेस दिल्यावरही चढत नसेल, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा काम करत नाही, आणि बॅटरी बिचारी बिनपगारी राबतेय. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी आतून उकळतेय. काही नव्या गाड्यांत संगणक स्वतःहून चार्जिंग वरखाली करतो, त्यामुळे आकडा हलताना दिसला तर दिवे, पंखा लावून पुन्हा बघा.

गाडी चालू असताना टर्मिनल काढून "अल्टरनेटर बघतो" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांत ते चालून जायचं. आजच्या गाडीत त्या झटक्याने उसळलेलं व्होल्टेज हजारो रुपयांचा संगणक जाळू शकतं.

जागेवर दहा मिनिटं इंजिन गुरगुरत ठेवून बॅटरी भरत नाही. निदान पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, एसी बंद ठेवून.

बॅटरी उतरली कशी?

चार्ज केलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा उतरली तर कुणीतरी चोरून खातंय. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, संगणक मिळून २० ते ५० मिलिअँपिअर घेतात, ते रास्त आहे. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर ३५ तास देईल एवढी) बॅटरी ५० मिलिअँपिअरला रोज १.२ अँपिअर-अवर देते, म्हणजे दोन आठवडे उभी राहिली तरी निम्मी उरते. आता डिकीतला पाच वॉटचा बल्ब चालू राहिला असं धरा. तो ०.४ अँपिअर खातो, दिवसाला जवळपास दहा अँपिअर-अवर. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी फस्त. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस, मोठा ॲम्प्लिफायर हे नेहमीचे संशयित. मोजायचं तर किल्ली काढून, सगळी दारं लावून अर्धा तास थांबायचं आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून उणे टर्मिनल आणि त्याच्या केबलच्या मध्ये जोडायचं. मग एकेक फ्यूज काढत जा; ज्याने आकडा घसरतो, तो चोर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका किंवा दार उघडून दिवे लावू नका, मीटरचाच फ्यूज उडेल.

बॅटरीला थंडी मारते असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते बर्फाळ मुलखांचं. आपल्याकडे तिला ऊन मारतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडून जातं, प्लेटांची जाळी गंजते. बॅटरी मेमध्ये आजारी पडते आणि डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी डोळे मिटते, तेव्हा नाव थंडीचं होतं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघा. खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, फिल्टरचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी नको, आणि ॲसिड तर मुळीच नको.

पाण्यातून आलेली गाडी

इथे वरचे सगळे नियम बाद. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली किंवा पार्किंगमध्ये पाणी भरलं, तर सेल्फ मारायचाच नाही. एकदाही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईभर गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम इंजिन उतरवण्यावर जातं. बॅटरीचं उणे टर्मिनल सोडा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोचन करून न्या.

बदलायचीच ठरली तर

आपल्याकडे साधारण तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं आयुष्य. जुनीवर छापलेली क्षमता, आकार आणि अधिक टर्मिनल कोणत्या बाजूला आहे याचा फोटो काढून दुकानात जा. बाजू उलट असली तर केबल पोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी लावू नका, तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना बघा आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख समोर उभं राहून घालून घ्या. वॉरंटीत फुकट बदलून मिळायचे महिने किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे तेव्हाच विचारा. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, तो तिचे पैसे वजा करतो. आत शिसं आणि ॲसिड आहे, भंगारवाल्याच्या हातोडीखाली ती जायला नको, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नवी बॅटरी बसल्यावर घड्याळ शून्यावर येईल आणि काही गाड्यांत ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जाणं थांबेल. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरा, बहुतेक गाड्यांत ती तेवढ्याने ताळ्यावर येते.